तारा बरोबर, आकार वाकडा

स्क्रिप्ट एकच, लॅपटॉप दोन. पहिल्यावर मंडपाचं छत जागच्या जागी बसतं. दुसऱ्यावर एक तुळई तिरपी होऊन शेजारच्या खांबात घुसते. स्लायडर हलवला की पहिल्यावर सगळं नीट सरकतं, दुसऱ्यावर छताला पीळ बसतो. गंमत म्हणजे पडद्यावर कुठेच लाल किंवा नारिंगी काही दिसत नाही. सगळे कंपोनंट शांत, राखाडी. म्हणजे संगणकाच्या लेखी सगळं आलबेल आहे.

ग्रासहॉपर किंवा डायनॅमोवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. ज्यांनी ही साधनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे ओळी लिहून प्रोग्रॅम करायचा नसतो. ‘बिंदू घे’, ‘वक्र काढ’, ‘बारा भाग कर’ असे तयार डबे पडद्यावर मांडायचे आणि एकाचं उत्तर दुसऱ्याकडे न्यायला मध्ये तार ओढायची. खांबांची संख्या, उंची, उतार हे सगळे आकडे मोकळे ठेवायचे. आकडा बदलला की आकार आपोआप नव्याने घडतो. राइनो हे त्रिमितीय आरेखनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मॅकनील कंपनीत डेव्हिड रटन यांनी २००७ मध्ये ग्रासहॉपर आणलं, तेव्हा त्याचं नाव ‘एक्सप्लिसिट हिस्ट्री’ होतं. रेव्हिट हे इमारतींच्या आरेखनाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे त्याच जातीचा डायनॅमो आहे. आज आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांपासून पुलांच्या सल्लागारांपर्यंत सगळे ही साधनं वापरतात.

आकार बिघडला की जो तो तारा तपासायला घेतो. कुठली तार चुकीच्या तोंडात गेली, कुठला डबा राहिला. तिथे चूक क्वचित सापडते, कारण तारांचं चित्र डोळ्यांसमोरच असतं आणि ते बहुधा बरोबरच असतं. बिघाड असतो तारेतून वाहणाऱ्या आकड्यांत, आणि ते आकडे कोणी पाहत नाही.

हे एका जागेवर उतरवून पाहू. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की वलगाव लागतं, पूर्णेला मिळणाऱ्या पेढी नदीच्या काठी. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचं देहावसान इथेच, पेढीच्या पुलाजवळ झालं. समजा, नदीकाठच्या गोल ओट्यावर बारा खांबांचा, वीस मीटर व्यासाचा एक गोल मंडप काढायचा आहे. सर्व्हेअर येऊन ओट्याची कड, पुलाचा कठडा, शेजारच्या वावराचा धुरा मोजून गेला आणि त्याने डीएक्सएफ फाइल पाठवली. ती राइनोत उघडली, वरून ग्रासहॉपर जोडलं. इथवर सगळीकडे असंच चालतं.

आता त्या फाइलमधला एखादा बिंदू उघडून बघा. पूर्वेचा आकडा सुमारे ७ लाख ८० हजार, उत्तरेचा जवळपास सव्वातेवीस लाख. मीटरमध्ये. उपग्रहावरून मोजणी करताना जगभर वापरली जाणारी यूटीएम पद्धत पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे उभे पट्टे पाडते. उत्तरेचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात आणि पट्ट्याच्या मधल्या रेषेला पूर्वेचा ५ लाख हा आकडा देतात. म्हणजे आपला वीस मीटरचा मंडप शून्यापासून उत्तरेकडेच सव्वातेवीस लाख मीटर लांब जाऊन बसला आहे.

संगणकाला यात काय अडचण? त्याच्याकडची आकड्यांची पट्टी विचित्र असते: शून्यापाशी तिच्या खुणा अगदी दाट, आणि दूर जावं तशा विरळ. आकडा साठवायच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी मोठीत, म्हणजे ६४ बिटांत, साधारण १५-१६ अंक टिकतात. सव्वातेवीस लाखांपाशीही दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून कमी राहतं. राइनोचे वक्र आणि पृष्ठभाग याच पद्धतीने साठवले जातात, त्यामुळे तिथे सहसा बिघडत नाही. छोटी पद्धत ३२ बिटांची. तिच्यात सात अंक टिकतात. ग्राफिक्स कार्ड चित्र काढताना तीच वापरतं आणि त्रिकोणांच्या जाळीचे, म्हणजे मेशचे, बिंदूही सहसा तिच्यातच साठवले जातात. या पद्धतीत सव्वातेवीस लाखांपाशी एका खुणेनंतर थेट २५ सेंटिमीटरवर पुढची खूण. पूर्वेचा आकडा लहान, म्हणून त्या दिशेला सव्वासहा सेंटिमीटर. मधली कुठलीही जागा संगणकाला ठाऊकच नाही. मग गोल खांबाची मेश काढली की ती चेपलेल्या डब्यासारखी दिसते, आणि त्या मेशवरून पुढे काही मोजलं तर तेही चुकतं. फाइल मिलिमीटरमध्ये करून उपयोग नाही. आकडे हजारपट होतात, खुणाही तितक्याच फाकतात.

रेव्हिटने तर कुंपणच घातलं आहे: अंतर्गत शून्यापासून १० मैल, म्हणजे १६ किलोमीटरच्या आसपास, त्यापुढची भूमिती भरवशाची नाही असं ते सांगून टाकतं. डायनॅमोत भूमितीचा आवाका आधी निवडावा लागतो; ‘मध्यम’ ठेवला तर तो १०,००० एककांपर्यंतच्या आकारांसाठी असतो. वलगावचा आकडा या दोन्ही कुंपणांच्या कुठल्या कुठे पलीकडे.

उपाय सोपा आहे आणि तो पहिल्याच डब्यात करायचा. पुलाच्या कठड्यावरचा किंवा ओट्यावरचा एक पक्का बिंदू निवडायचा, सगळ्या बिंदूंमधून त्याचे आकडे वजा करायचे आणि मंडप शून्याशेजारी आणून बांधायचा. वजा केलेला आकडा पॅनेलमध्ये ठळक लिहून ठेवायचा. परत जाताना तोच मिळवायचा. मोठ्या फर्ममध्येही हे शेवटी, छपाईच्या आदल्या रात्री आठवतं.

वलगावचं आणखी एक दुखणं आहे, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. यूटीएमचा ४३ वा पट्टा, म्हणजे झोन, ७२ ते ७८ अंश पूर्वेचा. मुंबई, पुणे, नाशिक, जळगाव सगळे त्यात. ७८ अंशाची रेषा अमरावती जिल्ह्यातूनच जाते, मोर्शीच्या अगदी जवळून. वरूड आणि धामणगाव रेल्वे तिच्या पूर्वेला ४४ व्या पट्ट्यात. अचलपूर, दर्यापूर आणि वलगाव पश्चिमेला ४३ व्यात. रेषा ओलांडताना पूर्वेचा आकडा ८ लाख १२ हजारांवरून एकदम १ लाख ८८ हजारांवर येतो. नागपूर आणि वर्धा ४४ मध्ये आहेत, तेव्हा एक नकाशा नागपूरहून आणि दुसरा पुण्याहून आला तर एकच वलगाव दोन ठिकाणी दिसू शकतं, एकमेकांपासून सव्वासहाशे किलोमीटर लांब. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, कारण रेषेपलीकडची जागा शेजारच्या पट्ट्याच्या आकड्यांत मांडता येते, फक्त ते शहाणपणाचं नसतं.

एवढा मोठा फरक निदान दिसतो तरी. तो दिसल्यावर जो उपाय केला जातो तो जास्त घातक आहे. एक नकाशा उचलून दुसऱ्यावर आणून ठेवतात, एक कोपरा जुळवतात आणि पुढे जातात. पण दोन पट्ट्यांच्या उत्तर दिशा एक नाहीत. मधल्या रेषेपासून जितकं दूर, तितकी नकाशाची उभी रेघ खऱ्या उत्तरेपासून कलते. वलगावला ४३ व्या पट्ट्याची रेघ जवळजवळ एक अंश एका बाजूला कलते, ४४ व्याची सव्वा अंशाच्या आतबाहेर दुसऱ्या बाजूला. दोन्ही मिळून दोन अंशांहून थोडं अधिक. कोपरा जुळला तरी शंभर मीटरवरची भिंत पावणेचार मीटर सरकलेली असते. मग स्क्रिप्टमध्ये ‘ही कड त्या कडेला समांतर आहे का’ असा डबा टाकला की तो ‘नाही’ म्हणतो, आणि आपण डब्याला दोष देतो.

टेपने मोजलेलं अंतर आणि नकाशातलं अंतर न जुळण्याचं कारणही मधल्या रेषेपासूनचं हेच लांब असणं. पट्ट्याच्या मध्यावर नकाशा जमीन किंचित आखडून दाखवतो, कडेला ताणून. जळगाव मध्यरेषेच्या जवळ आहे. तिथे टेपचे १०० मीटर नकाशात ९९.९६ भरतात. वलगाव कडेला आहे. इथे ते १०० मीटर आणि वर पाचेक सेंटिमीटर भरतात. जळगावात तावून-सुलाखून घेतलेली स्क्रिप्ट वलगावला आणली आणि टेपच्या मापांशी जुळेना, तर स्क्रिप्टचा काही गुन्हा नाही.

जुन्या टोपोशीटवरून कोणी धुरे किंवा नाले उचलले असतील तर त्यात शंभर मीटरहून अधिक सरक निघते, कारण त्या नकाशांखालची पृथ्वीच वेगळी आहे. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रमुख एव्हरेस्ट याने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या गोलाची त्रिज्या आजच्या जीपीएसच्या गोलाहून ८६० मीटरनी कमी आहे. त्याच्या आधी दक्षिणेकडून ही मोजणी करत आलेला विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला; त्याचं थडगं तिथेच आहे. विदर्भाच्या मातीत त्या मोजणीचा एवढा इतिहास पुरलेला असताना आपण फाइल उघडताना झोन कुठला हेही विचारत नाही, याचं मला नवल वाटतं.

आता मंडप शून्यापाशी आणला, झोन नक्की केला. तरी दोन लॅपटॉपवर दोन आकार येतातच. इथे खरी करामत सुरू होते, आणि ती पायरीपायरीने पाहण्यासारखी आहे.

सर्व्हेअरच्या फाइलमध्ये ओट्याची गोल कड सलग नाही. छोट्या छोट्या रेघांची बनलेली आहे. त्याने कडेने चालत एकेक बिंदू घेतला आणि शेवटी सुरुवातीच्या बिंदूवर पुन्हा काठी धरली. काठी पाच मिलिमीटर इकडे पडली. डोळ्याला कड बंद दिसते. ग्रासहॉपरमध्ये या रेघा ‘जॉइन’ करायच्या. किती फट असली तर जोडायचं हे ग्रासहॉपर स्वतः ठरवत नाही. ते राइनोच्या उघड्या फाइलचा टॉलरन्स विचारतं. पहिल्या लॅपटॉपवर टॉलरन्स एक सेंटिमीटर ठेवलेला आहे, तिथे पाच मिलिमीटरची फट मिटते आणि कड बंद होते. दुसऱ्यावर एक मिलिमीटर, तिथे फट राहते आणि कड उघडी. ग्रासहॉपरची फाइल अक्षरशः तीच, पण तिच्या खालची राइनोची फाइल वेगळी. ‘माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही’ या भांडणाचं मूळ फार वेळा इथे असतं, आणि ते शोधायला फक्त युनिट आणि टॉलरन्सची एक खिडकी उघडावी लागते.

पुढची पायरी: कडेचे बारा भाग करायचे. बंद वर्तुळाचे बारा भाग केले की बारा बिंदू मिळतात. उघड्या रेषेचे केले की तेरा, कारण दोन्ही टोकं मोजली जातात. दुसऱ्या लॅपटॉपवर खांबांचे तेरा पाय निघाले, त्यातले पहिला आणि तेरावा पाच मिलिमीटर अंतरावर, एकावर एक. पडद्यावर ते एकच दिसतात.

त्यापुढची: वरचं कडं खरं वर्तुळ आहे, त्याचे बारा बिंदू. खालचे तेरा आणि वरचे बारा जोडायचे. ग्रासहॉपरची रीत अशी की लांब यादी पूर्ण करायची आणि आखूड यादीचा शेवटचा बिंदू पुन्हापुन्हा वापरायचा. तेरावा पाय बाराव्या डोक्याला जाऊन मिळतो. हीच ती तिरपी तुळई. डायनॅमोत हीच जुळणी सहसा आखूड यादीवर थांबते आणि उरलेला तेरावा मुकाट गळून जातो. तिथे आकार बरोबर दिसतो आणि चूक दडून राहते. मला विचाराल तर ग्रासहॉपरचा तिरपा बीम परवडला. तो निदान बोंब मारतो.

यादीच्या ऐवजी शाखांचं झाड असलं, म्हणजे प्रत्येक खांबाची स्वतंत्र यादी असली, की हाच गोंधळ शाखांच्या पातळीवर होतो. ‘फ्लॅटन’ मारला की सगळी झाडं सपाट होऊन एक यादी होते, ‘ग्राफ्ट’ केलं की प्रत्येक बिंदूला स्वतःची शाखा मिळते. नवशिके दोन्ही बटणं आळीपाळीने दाबत बसतात, कधीतरी आकार जमतो, आणि पुढच्या आठवड्यात खांब चौदा केले की पुन्हा मोडतो.

पिळाचं कारण निराळं. फट मिटली, दोन्हीकडे बारा-बारा बिंदू झाले, तरी छताला पीळ. कारण वर्तुळाला सुरुवात असते आणि दिशाही. राइनोत काढलेलं वर्तुळ साधारणपणे पूर्वेकडच्या बिंदूपासून निघतं आणि घड्याळाच्या उलट फिरतं. सर्व्हेअर मात्र रस्त्याकडून चालायला लागला असेल आणि घड्याळाच्या दिशेने फिरला असेल; त्याला ते कोणी विचारलेलं नसतं. खालचा पहिला बिंदू उत्तरेला, वरचा पहिला पूर्वेला. जोडताना पहिला पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला. खांब एकमेकांना कापत जातात. यावर बिंदूंचे क्रमांक पडद्यावर दाखवणारा ‘पॉइंट लिस्ट’ हा डबा टाकावा. वर ०, १, २ एकीकडे धावतायत आणि खाली दुसरीकडे, हे एका नजरेत कळतं. मग एक वक्र उलटवायचा आणि त्याची सुरुवात वरच्याच्या सुरुवातीजवळ सरकवायची. पृष्ठभागांच्या बाबतीतही तेच: एकाचं ‘बाहेर’ वर, दुसऱ्याचं खाली, आणि जाडी द्यायला गेलं की अर्धं छत वर फुगतं, अर्धं खाली.

महाराष्ट्रात या साधनांनी घडवलेलं, जाऊन बघावं असं काम कोपरगावला आहे. शारदा स्कूलच्या आवारातलं माया सोमय्या वाचनालय, मुंबईच्या समीप पडोरा यांच्या फर्मने २०१८ मध्ये पूर्ण केलं. पातळ विटांच्या थरांची कमान जमिनीतूनच उठते आणि पुन्हा जमिनीला मिळते. मुलं तिच्यावर चढून खेळतात. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून कमानीचा आकार असा हवा की सगळीकडे दाबच यावा. तो शोधायला त्यांनी राइनोव्हॉल्ट हे झुरिचच्या ईटीएचमधल्या ब्लॉक संशोधन गटाने बनवलेलं साधन वापरलं. अशा साधनात छत म्हणजे रेघांचं जाळं असतं आणि बळ एका गाठीतून दुसरीकडे वाहतं. आपल्या पाच मिलिमीटरच्या फटीची किंमत इथे नीट कळते. दोन गाठी एकाच जागी असूनही एक झालेल्या नसतील, तर त्यांच्यामधून बळ जात नाही. गणिताच्या दृष्टीने तिथे कमान तुटलेली आहे. पडद्यावर जाळं अखंड दिसतं आणि निघालेला आकार मात्र एका बाजूला झुकतो. म्हणून जाळं गणिताला देण्याआधी जवळजवळच्या गाठी एक करून घ्यायच्या, आणि किती जवळच्या, तो आकडा लिहून ठेवायचा.

शोधायचं कसं, हे आता सांगण्यासारखं उरतं. स्क्रिप्टच्या साधारण निम्म्यावर एक पॅनेल लावा आणि तिथे तीनच गोष्टी विचारा: वस्तू किती आल्या, पहिली आणि शेवटची कुठे आहे, आणि सगळ्यांना वेढणारी चौकट केवढी आहे. बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. पुन्हा अर्धं. शंभर डब्यांची स्क्रिप्टसुद्धा अशा सातेक पाहण्यांत हाती येते. पॅनेलच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका; ते दशांश छाटून दाखवतं. दोन बिंदू एक आहेत की नाहीत हे पाहायचं तर त्यांची वजाबाकी करून दहा लाखांनी गुणा, मग फरक नागवा होतो. ‘दोन आकडे सारखे आहेत का’ असं विचारणारा डबा अपूर्णांकांवर वापरायचाच नाही: संगणकात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, शेवटच्या घरात एक कण जास्त येतो. ‘फरक अमक्याहून कमी आहे का’ असं विचारावं. मदत मागताना फाइल पाठवायची असेल, तर आत येणारी भूमिती ‘इंटर्नलाइझ’ करून, म्हणजे त्याच फाइलमध्ये साठवून, आणि सोबत युनिट, टॉलरन्स व झोन लिहून पाठवा. नाहीतर समोरच्याच्या लॅपटॉपवर तुमचा बिघाड उगवतच नाही.

मंडप जमला की तो जागेवर न्यायचा. टोटल स्टेशनवाल्याला शून्याजवळचे आकडे देऊन चालत नाही. वजा केलेला बिंदू परत मिळवून द्यावा लागतो, झोन ४३ असं वर लिहून. तो टेपने व्यास तपासेल तेव्हा नकाशातल्या वीस मीटरमागे एक सेंटिमीटर कमी भरेल. बारा खांबांच्या मंडपाला ते खपतं. पेढीच्या काठाने ४०० मीटरचा घाट बांधायचा असेल तर तोच फरक वीसेक सेंटिमीटरवर जातो, आणि तो गुणक पहिल्या डब्यातच घालावा लागतो, पक्का बिंदू वजा केल्यावर लगेच.